हंगामात बंद राहणारं घर

खेळाडूच्या घरावर डोळा ठेवणाऱ्या टोळीला मालक कधी बाहेर असतो हे शोधावं लागत नाही, सामन्यांचं वेळापत्रक पेपरात येतंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेन स्टोक्स पाकिस्तानात कसोटी मालिका खेळत होता, तेव्हा इंग्लंडमधल्या त्याच्या घरात तोंड झाकलेले चोर शिरले. बायको आणि दोन मुलं घरातच होती. त्याच महिन्यात अमेरिकेत पॅट्रिक महोम्स आणि ट्रॅव्हिस केल्सी या अमेरिकन फुटबॉलपटूंची घरं फुटली आणि वर्ष संपता संपता एफबीआयने तिथल्या क्रीडा लीगना लेखी सावध केलं. माझा धाकटा भाऊ लीग कबड्डी खेळतो. घर भुसावळच्या बाहेर, मागे केळीची बाग. त्या घराचा बंदोबस्त मी करून घेतला, तो असा.

सुरुवात लोखंडापासून नाही, मोबाईलपासून केली. वास्तुशांतीची रील, एका यूट्यूबरची ‘होम टूर’, सत्काराच्या बॅनरवर प्लॉट नंबरसकट पत्ता. टूरमध्ये जिना, मागचं दार, कपाट कुठल्या खोलीत हे सगळं ओळीने दिसत होतं. तो व्हिडिओ विनंती करून काढायला लावला. प्रवासाचे फोटो परत आल्यावरच टाकायचे, असं ठरलं. आखाजीला माहेरी आलेल्या बहिणींना हे पटवणं वेल्डिंगच्या कामापेक्षा अवघड गेलं.

मग दारं. कोयंड्याला बाहेरून लटकणारं कुलूप म्हणजे घरात कोणी नाही अशी पाटीच. ‘कडीकोयंडा तोडून’ हे पेपरात रोज वाचतो. त्यात कुलूप बहुतेक वेळा शाबूत असतं, पहारीने उपटले जातात ते कोयंड्याचे आखूड स्क्रू. म्हणून कोयंडे काढून दाराच्या आत बसणारी, दोन्हीकडून चावीने उघडणारी कुलपं लावली. बिजागरीचे अर्ध्या इंची स्क्रू काढून अडीच इंची मारले. चौकट भिंतीत धरणारे होल्डफास्ट दोन्ही बाजूंना तीन-तीन आहेत का, तेही ठोकून पाहिलं. आपल्याकडे समोर नक्षीदार ग्रिल आणि मागे साधं प्लायचं दार अशी घरं फार. चोर मागूनच येतो.

खिडक्यांचं ग्रिल बाहेरून स्क्रूने बसवलेलं असेल तर ते नुसतं शोभेचं. १२ मिलिमीटरच्या चौकोनी सळ्या, मधलं अंतर चार इंच, टोकं भिंतीत गाडलेली, असं करून घेतलं. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या आवाज न होता एकेक सरकवून काढता येतात, तिथे आतून सळ्या. खानदेशात वैशाखात सगळे गच्चीवर झोपतात आणि खालचं घर मोकळं राहतं, म्हणून जिन्याच्या मधल्या वळणावर सरकता जाळीचा दरवाजा बसवला. झोपायला जाताना तो बंद. बागेच्या बाजूला दहा फूट पट्टा मोकळा ठेवला, केळीच्या पानाआड माणूस उभा दिसत नाही.

कॅमेरे वायरवालेच घ्या. वायफायचे कॅमेरे जॅमर लावला की गप्प होतात. एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जाणारे सहा कॅमेरे लावले. केबल शंभर मीटरच्या आत हवी. प्रत्येकी २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) चित्रण साठवलं तर दिवसाला साधारण २१ जीबी, सहांचे १३० च्या आसपास, म्हणजे ४ टीबीच्या डिस्कमध्ये महिनाभराचं चित्रण. इतकं लागतंच, कारण रेकी चोरीच्या बरीच आधी होते आणि तपासाला तीच माणसं हवी असतात.

मीटरची पेटी कंपाउंडला, मेन स्विच कोणीही पाडू शकतो. इन्व्हर्टर होता, पण वीज त्याच्यावर जाताना क्षणभर खंड पडतो आणि रेकॉर्डर पुन्हा सुरू होईपर्यंत चित्रण बंद राहतं. त्यामुळे रेकॉर्डर, कॅमेऱ्यांच्या केबल जोडायचा नेटवर्क स्विच आणि राउटरला छोटा यूपीएस वेगळा. रेकॉर्डर आणि यूपीएस जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवू नका. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना आत डिस्क भाजून निघते, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. रात्री कॅमेऱ्याच्या दिव्यावर किडे येतात, मागोमाग कोळी जाळं विणतो, जाळं हललं की फोन वाजतो. वैतागून लोक सूचनाच बंद करतात! उजेडाचा दिवा कॅमेऱ्यापासून दूर लावावा आणि लांब काठीच्या ब्रशने आठवड्याला काच पुसावी.

कॅमेरा चोरी टिपतो, थांबवत नाही. थांबवतो तो दाराखिडक्यांचा सेन्सर आणि उंचावरचा भोंगा. त्याच्या पॅनलला ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम घातलं. पहिला फोन शेजारच्या काकांना, मग मला. खात्री झाली की पोलिसांना, ११२ नंबरवर. घर बंद राहणार असलं की पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देतो, म्हणजे रात्रीच्या गस्तीच्या नोंदीत घर येतं.

पदकं आणि सोनं लॉकरमध्ये. पण १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमाने लॉकर फुटला तरी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच: भाडं ३,००० तर ३ लाख. वरच्या रकमेचा विमा आपला आपण काढायचा. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत चोरीची भरपाई मिळते ती आग-पुरासारख्या आपत्तीमुळे, त्यानंतरच्या सात दिवसांत चोरी झाली तरच. घरफोडीचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं, आणि घर सलग किती दिवस बंद चालतं ते त्यात वाचावं.

एवढं करून घर फुटलंच, तर पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. टोळीने केलेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ११२ लागू शकतं, शिक्षा १ ते ७ वर्षे. फिर्याद देताना किती जण दिसले, गाडी कोणती, ते नीट नोंदवून घ्यावं. चित्रणाची प्रत देताना ती डिजिटल पुरावा म्हणून चालण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ डिस्क लगेच बाजूला काढून दुसरी घालावी, नाहीतर महिन्याने जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं.