यशिकाचा एक सेकंद दोन सेकंदांचा झाला होता

"शटर ओके आहे" हे मी साताऱ्यातल्या एकाच दुकानात तीनदा ऐकलं, अजून आठवलं की डोकं तापतं.

कॅमेरा पप्पांचा, यशिका मॅट १२४ जी, जुना रोलवाला. शटर म्हणजे त्याच्या लेन्समधली, उजेड आत सोडायला ठरावीक वेळ उघडणारी पाती. सज्जनगडावर एक रोल काढला. १२ पैकी पाच निगेटिव्ह काळ्याकुट्ट (म्हणजे उजेड जास्त पडलेला), आणि त्या पाचही संध्याकाळच्या, ट्रायपॉडवर अर्धा आणि एक सेकंदाच्या. दुपारच्या सगळ्या मस्त.

दुकानातल्या काकांनी मीटरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्रावर, खापर फोडलं. म्हणे जुना मर्क्युरी सेल १.३५ व्होल्टचा होता, आता १.५ चा टाकतात म्हणून मीटर चुकतो. बरोबर आहे, पण तेव्हा मीटर उजेड जास्त दाखवतो, म्हणजे फोटो अंडर (उजेड कमी पडलेले) यायला पाहिजेत ना, माझे तर ओव्हर (जास्त पडलेले)! शिवाय मी रीडिंग मोबाईलवर घेतलं होतं. पण ऐकतंय कोण. त्यांनी १/१२५ सेकंदावर दोनदा खटका दाबला, "बघा, चालतंय की." एक सेकंदावर लावून बघा म्हटलं तर "अहो, त्याच्यावर कोण फोटो काढतं?" तरी ठेवून घेतला. दीड महिना! दर शनिवारी पोवई नाक्यावरून चक्कर, कधी "माणूस आला नाही", कधी "उद्या या". शेवटी लेन्स पुसल्याचे ३०० रुपये घेऊन परत दिला. घरी येऊन एक सेकंद लावला तर घर्रर्र, मध्येच दम लागल्यासारखं थांबलं, मग परत घर्रर्र. त्या रात्री मला झोप नाही लागली.

मग स्वतःच बसलो. रोल न घालता मागचं झाकण उघडलं, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) पूर्ण उघडं, समोर ट्यूबलाइट नको (लुकलुकते), खिडकी ठेवली आणि मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ. पाती उघडी असतानाच्या फ्रेम मोजायच्या. एक सेकंदाला २४० पाहिजेत, माझ्या ४३१ आल्या. १/४ ला ६० ऐवजी ८५, १/१५ ला १६ च्या जागी १७. १/६० ला बरोबर चार. इथंच निदान झालं. सगळेच स्पीड मंद असते तर पात्यांवर तेल किंवा स्प्रिंग ढिली असा संशय घेतला असता, पण फक्त खालचे, जास्त वेळ उघडे राहणारे स्पीड बिघडलेत म्हणजे वेळ लांबवणारी छोटी दातेरी चाकांची गाडी, तिच्यातलं जुनं तेल घट्ट झालंय.

हां, मोजणी सकाळच्या पहिल्या खटक्याची धरायची. दहा वेळा दाबलं की तेल जरा मोकळं होतं आणि आकडे सुधारतात, मीही त्यात एकदा फसलो. थंडीत तर माझं एक सेकंद संपतच नव्हतं.

काम शेवटी एका घड्याळवाल्या मामांनी केलं. पुढची लेन्स काढून चाकं लायटरच्या पेट्रोलनं ब्रशनं धुतली, सुईच्या टोकाएवढं तेल फक्त आसांवर. पात्यांना तेलाचा थेंबही नको, ती कोरडीच पाहिजेत. स्प्रे तर कुणी कितीही सांगू दे, मारायचा नाही.

आता एक सेकंदाला २४६ येतात आणि आवाज कसा एकसारखा, सलग. सेल्फ टायमरचा खटका मात्र जुन्या शटरला लावूच नका, अडकला तर शटरही तिथंच अडकतं.