फार काही नसलं तरी

शनिवार, रात्री पावणेअकरा

“तुझं फार काही नसलं तरी चालेल गं. तीन ओळी दे फक्त.”

मंगळवारी कॉलेजच्या वर्गमित्राचा फोन आला, आज शनिवार. ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही. तो वाईट बोललाच नव्हता. आमच्या बॅचच्या स्मरणिकेचं काम त्याच्या गळ्यात पडलंय, सगळ्या वर्गाच्या मागे लागायचं, वर छापखान्याची तारीख. आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी माझा ड्रॉइंगचा ड्राफ्टर मोडला तेव्हा स्वतःचा काढून देणारा हाच. हे सगळं मी स्वतःला समजावून झालंय. तरी पोळ्या लाटताना ते येतं, कालव्यावर पाण्याच्या पातळीचं गेज वाचताना येतं. फार काही नसलं तरी.

फॉर्ममध्ये दोन रकाने आहेत, ‘कारकिर्दीतील टप्पे’ आणि ‘वैयक्तिक टप्पे’. प्रत्येकापुढे वर्ष. ग्रुपवर रोज दोन-तीन भरलेले फॉर्म येतात. एकाने उभी केलेली कंपनी विकली, एकजण मेट्रोच्या भुयारावर होता, एकीनं पोरं मोठी झाल्यावर पीएचडी पुरी केली. मी प्रत्येक फॉर्म शेवटपर्यंत वाचते. हेवा वाटतोय का, हे आधीच तपासलं. पीएचडीचं वाचून तर डोळे भरून आले, तिनं काय सोसलंय ते मला माहीत आहे. म्हणजे हेवा नाही.

माझ्या रूममेटचा फॉर्म कोण भरणार, हे मी त्याला विचारलं नाही. त्यानंही विषय काढला नाही.

माझं लिहायला बसले. २००२, पाटबंधारे खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू. २००५, लग्न. २००९ ला पदोन्नती आली होती, विदर्भात. आईचं आजारपण तेव्हा सुरू झालेलं होतं, नाकारली. नाकारलेली पदोन्नती टप्प्यात धरतात का? त्यानंतर २०१६ पर्यंत पान कोरं. सात वर्षं! मी काय करत होते सात वर्षं? बुधवारी रात्री या प्रश्नावर मी खरंच रडले, आणि ‘यांना’ डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

स्मरणिकेचं पहिलं पान ठरलेलं असतं. १८५४ पासूनचं आपलं सीओईपी, म्हणजे पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, मग विश्वेश्वरय्या, मग कार्बन डायऑक्साइड लेसरवाले कुमार पटेल, मग स्टॅनफर्डचे प्राध्यापक थॉमस कैलाथ. यंदाच्या अंकात कॉलेजचं २०२२ साली विद्यापीठ झाल्याचंही येईल. विश्वेश्वरय्यांच्या नावाखाली म्हैसूरचं दिवाणपद आणि १९५५ चं भारतरत्न. परवा मात्र पहिल्यांदाच मधली वर्षं मोजली. १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले आणि १९०८ पर्यंत तिथेच होते. नाशिक, धुळे, सक्कर, सुरत, पुणे. कुठे पाणीपुरवठा, कुठे गटारं, कुठे नदीखालून नेलेला सायफन. खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ चे, म्हणजे नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी. नीरा कालव्यावरची पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत याच काळातली. माझी पहिली नेमणूक नीरेच्या खोऱ्यातली, तिथले म्हातारे बागायतदार ‘आमचा ब्लॉक’ म्हणायचे तेव्हा मला फार आपलेपणा वाटायचा. चोवीस वर्षं ती. स्मरणिकेत ‘शासकीय सेवा’ एवढ्या दोन शब्दांत मावतात. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, ती मला करायचीही नाही. पण दोन शब्दांत मावलेली वर्षं रिकामी नसतात, हे मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं, ते त्यांच्याकडून ऐकलं.

मग पुन्हा तेच वाक्य. माझ्याकडे फार काही नाही, हे त्याला सांगितलं कुणी?

मीच. पंचवीस वर्षांत त्यानं जितक्यांदा विचारलं, काय चाललंय, तितक्यांदा मी म्हटलं, “काही नाही रे, नेहमीचंच.” तो माझंच बोलणं मला परत देत होता. हे काल गाडीत सुचलं आणि छातीवरचं निम्मं ओझं उतरलं. निम्मं अजून आहे, कारण मग प्रश्न मलाच येतो. का म्हणत राहिले तसं?

कालव्याच्या सेवापथावर किलोमीटरचे दगड असतात. इतकी वर्षं त्यांच्या कडेनं जीप चालली, पण त्या दगडांचं काम रात्री दोन वाजता कळतं. पाटकऱ्याचा फोन येतो, “मॅडम, अठ्ठाविसाव्याच्या म्होरं भराव फुटलाय.” मग वरचं एस्केप, म्हणजे पाणी बाहेर सोडायचं दार, उघडायचं, हेडला, कालव्याच्या तोंडाशी, निरोप द्यायचा, पोकलेन शोधायचा, पोती भरायची. कालवा नीट वाहत असेल तर वर्षभर त्या दगडाचं कुणी नाव घेत नाही. माझ्या त्या कोऱ्या सात वर्षांत एकदाही माझ्या भागातला भराव फुटला नाही. पावसाळ्याआधी मी तो पायी चालत बघायची, खेकड्यांची बिळं बुजवून घ्यायची. न फुटलेल्याला वर्ष कुठलं घालायचं?

आणि २०१६. दोन दुष्काळ काढल्यावर त्या रब्बीत धरणात पाणी होतं. आधी टेल, म्हणजे कालव्याच्या शेवटची गावं, मग हेड, असं मी ठरवून टाकलं. वरच्या गावांचे फोन, पुढाऱ्यांचे फोन. तीन रात्री पाटकऱ्यांबरोबर चाऱ्यांची दारं राखली. टेलच्या एका गावात पाच-सहा वर्षं चारी नुसती कोरडी, बाभळी उगवलेल्या, त्या आम्ही आधी काढून घेतल्या होत्या. चौथ्या पहाटे पाणी पोचलं. पुढे पालापाचोळा ढकलत, हळूहळू, अगदी बोटभर. एका आजींनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं आणि जीपच्या बॉनेटपाशी माझी ओटी भरली. मूठभर ज्वारी, नारळ आणि हिरवा खण. तो मी शिवला नाही, कपाटात आहे.

हे मी आजवर त्याला सांगितलेलं नव्हतं. रूममेटला सांगितलं होतं, ती तेव्हा होती.

आत्ता फॉर्म भरला. तीनच ओळी झाल्या. २००२, रुजू. २००९, आईजवळ राहिले. २०१६, टेलला पाणी पोचवलं, ओटी भरली. ही शेवटची ओळ कुठल्या रकान्यात घालायची ते कळेना, म्हणून दोन्ही रकान्यांत घातली आणि पाठवून दिली.