तोरणमाळला वुडकॉक नाही, रातवा ऐका

मार्चमध्ये सातपुड्यातल्या तोरणमाळला वुडकॉक या पक्ष्याच्या प्रणयफेऱ्या दिसतात असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. मी ठेवला. एका पक्षीमित्राने छातीठोकपणे सांगितलं होतं. शिवाय १८८४ नंतर हरवलेला रानपिंगळा (एक छोटं घुबड) १९९७ मध्ये शहाद्याजवळच पुन्हा सापडला, मग इथे काहीही असू शकतं असं मनाने घेतलं. वुडकॉक हिवाळ्यात पार निलगिरीपर्यंत उतरतो हे खरं. पण संधिप्रकाशात झाडांच्या शेंड्यांवरून नर घोगरं गुरगुरत, मध्येच बारीक चिरकत फिरतो, तो विणीच्या जागी, हिमालयात. सातपुड्यात नाही.

आता शहादा ते तोरणमाळ. होळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराचे दिवस, गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. काळी-पिवळीवाल्याने वरपर्यंतचे पैसे आधीच घेतले आणि घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवली. बाकीची माणसं उतरली होती, एकट्यासाठी वर जायला आणखी पाचशे मागितले. ही शुद्ध लूट आहे. मी दिले नाहीत, पाठीवर बोजा घेऊन चालत निघालो. दुपारचे दोन, पानगळ झालेली, सावली शून्य, वळणावळणाला सुटी खडी आणि वरून येणाऱ्या जीपा. दोन लिटर पाणी अर्ध्या घाटातच संपलं. पोटऱ्या अजून दुखतायत. पैसे वर पोहोचल्यावरच द्या, आणि चालायचंच असेल तर पहाटे चाला.

यशवंत तलाव, सीताखाई, सगळं छान आहे.

संध्याकाळी तलावापासून लांब, मोहाच्या झाडांखाली बसलो. वुडकॉकची वाट पाहत आभाळाकडे मान करून पाऊण तास गेला. शेजारी मोहफुलांची जागा झाडून ठेवणारे एक पावरा आदिवासी बाबा म्हणाले, "वर काय बघता भाऊ? खाली ऐका." आणि खरंच, समोरच्या उघड्या माळावरून आवाज आला. फरशीवर गोटी टाकावी तसा: चक... चक.. चक-चक-चकर्र! रातवा, रात्री जागणारा पक्षी. पाठोपाठ झाडीतून दुसरा, कुऱ्हाडीच्या सावकाश घावांसारखा एकसुरी टकटक करणारा, तो रानरातवा. अंगावर काटा आला. तासभर जागचा हललो नाही. घाट, पाचशे रुपये, सगळं विसरलो.

नऊनंतर ढोल सुरू झाले आणि ऐकणं संपलं. ते त्यांचे सणाचे दिवस, तक्रार आपण करायची नाही. चूक तारीख निवडण्याची. चांदण्या रात्री रातवा जास्त बोलतो, म्हणून चैत्री पौर्णिमा गाठा. तेव्हा खान्देशातली गर्दी सप्तशृंगीच्या यात्रेला, वणीच्या वाटेला असते.

मोबाइलवर रातव्याचा आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत नराला उगाच बेजार करणं आहे ते. तो घरटं बांधत नाही, अंडी उघड्या जमिनीवर, पाचोळ्यात असतात, म्हणून अंधारात पायवाट सोडू नका. रात्री घाटात गाडी असेल तर हळू चालवा: रस्त्यावर दिव्यात लाल ठिणगीसारखे डोळे चमकले की तोच बसलेला असतो, आणि अगदी चाकाजवळ येईपर्यंत उडत नाही. उतरताना मला तसे दोन चिरडलेले दिसले.