घोडी कधी विणार, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, विणार कधी? तारीख सांगा." घोडी फळवायला आणणारा प्रत्येक जण हे विचारतो. मी "पौष-माघात कधीही" म्हटलं की तो माझ्या भावाकडे बघतो. भाऊ बँकेत आहे, त्याला खरारासुद्धा करता येत नाही, पण पुरुष आहे, काहीतरी नक्की सांगेल अशी आशा. शेवटी हमखास येणारं वाक्य: "तुमचे आप्पा बरोबर सांगायचे."

आप्पा काय सांगायचे? "अकरा महिने." बस. घोडी पंधरा दिवस आधी व्याली तरी आप्पा बरोबर, तीन आठवडे उशिरा व्याली तरी आप्पा बरोबर, कारण त्यांना उलट विचारायची छाती कोणाची नव्हती. मी ३२० ते ३६५ दिवस म्हणते, तर हिला काही कळत नाही असं ठरतं.

सरासरी ३४० च्या आसपास, हे मलाही पाठ आहे. पूर्वी मी ३४० मोजून चिठ्ठीवर तारीख लिहून द्यायचे. त्या चिठ्ठ्या का बंद झाल्या ते आता एकदाच सांगते.

१२ फेब्रुवारीला एका ओळखीच्या शेतकऱ्याची कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, मारवाडी घोडी आमच्या घोड्याला लावली. त्या वर्षी चारा महाग. घोडी नुसत्या कडब्यावर होती, बरगड्या दिसत होत्या. गाभ राहिलाय का ते बघायला सोळाव्या दिवशी सोनोग्राफी करून घ्या म्हटलं, तर मालक हसला. "ताई, घोडी आहे, सून नाही." मी चिठ्ठीवर पुढच्या वर्षीची १८ जानेवारी घातली.

१८ जानेवारी आली आणि गेली. कास भरली नाही, सडांवर मेण नाही. पोट मात्र डेऱ्यासारखं. फोनवर फोन. महिनाअखेर कोणीतरी त्याला सल्ला दिला की सुई मारून मोकळी करा. तेव्हा मी फोनवर ओरडले, आणि त्या ओरडण्याचं मला आजही काही वाटत नाही. गाई-म्हशीचं गणित इथे चालत नाही. शिंगरू पोटात तयार होतं ते अगदी शेवटच्या काही दिवसांत; त्याच्या शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं तेही तेव्हाच. त्याआधी बाहेर ओढलं तर दिवस ३५० भरलेले असोत, ते उभं राहत नाही, चीक पीत नाही. दिवस पोटातलं शिंगरू ठरवतं. आई फार तर वेळ ठरवते: गोठ्यात माणसांची वर्दळ असली तर कळा रोखून धरते आणि सगळे झोपले की मोकळी होते.

त्यानं ऐकलं. १० फेब्रुवारीच्या पहाटे घोडी व्याली. नर शिंगरू, तासाभरात पायावर, दोन तासांत सडाला. अंगानं चारचौघांसारखंच; जास्त दिवस राहिलं म्हणून थोराड झालं, असं काही नाही. मला वाटलं मालक पेढे घेऊन येईल.

आला तो चार माणसं घेऊन. ओट्यावर बसून त्यानं हिशेब मांडला. "तुमच्या घोड्यापासून मोजले तर ३६३ दिवस. पण घोडी एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. ५ मार्चपासून मोजा. ३४२. तुमच्याच चिठ्ठीचा आकडा." आणि मार्चमध्ये त्याच्या शेजारच्या मळ्यात लग्नाच्या वरातींसाठी आणलेला एक नुकरा, म्हणजे पांढरा, घोडा बांधलेला असायचा. कधी बांधलेला, कधी सुटलेला. म्हणजे गाभ माझ्या घोड्याचा नाही, सबब पैसे परत. त्यातला एक जण भावाकडे वळून हळूच म्हणाला, "ताईंसमोर हे कसं बोलायचं." अर्धा जन्म व्यालेल्या घोड्यांची वार, म्हणजे गर्भाची नाळ-पिशवी, तपासण्यात गेलाय माझा, पूर्ण पडली की तुकडा आत राहिला ते बघण्यात. बोला की!

मी बोलले. घोडी हिवाळ्याच्या अखेरीस फळवली, म्हणजे शेवटचे महिनेही हिवाळ्याचेच आले. लहान दिवसांत विणाऱ्या घोड्या जास्त दिवस घेतात, उन्हाळ्यात विणाऱ्या कमी. परदेशात स्टड फार्मवर शेवटच्या महिन्यांत रात्री दिवे लावून दिवस सोळा तासांचा करतात, तर घोड्या आठवडा-दहा दिवस आधी व्यालेल्या दिसल्या आहेत. अंगानं उतरलेली घोडी लांबवते. नर शिंगरू मादीपेक्षा एक-दोन दिवस जास्त राहतं. आणि बापाचं रक्तही मोजावं लागतं: हीच घोडी गाढवाला लावून पोटात खेचर असतं तर आणखी काही दिवस गेले असते, कारण गाढवीचे दिवस वर्षभराचे. गर्भाशय तेच, तरी हिशेब बदलतो.

मालकानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मग हे १२ फेब्रुवारीलाच का नाही सांगितलं?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. कारणं सगळी खरी आहेत, पण ती घोडी व्याल्यावर उपयोगी पडतात. नराचे दोन दिवस, कडब्याचे चार, थंडीचे आठ अशी बेरीज आधी करून बघा, एकाही घोडीला लागू पडणार नाही. शिवाय दिव्यांचा मुद्दा मी जरा जोरात रेटला होता. इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला डिसेंबरचा दिवस आठ तासांपेक्षाही लहान. खानदेशात तो पावणेअकरा तासांच्या खाली जात नाही. तिथला फरक इथे तेवढाच पडेल असं धरणं बरोबर नाही. हे त्या दिवशी ओट्यावर मी बोलले नाही. समोर चार जण असताना तुम्ही बोलला असता?

केसांच्या मुळांवरून डीएनए तपासणी होते. आईचे, शिंगराचे आणि दोन्ही घोड्यांचे केस पाठवले असते तर वाद मिटला असता. "करू या तपासणी," असं मीच मोठ्यानं म्हटलं. पण केस उपटायला तो आला नाही आणि मीही माणूस पाठवला नाही. त्याला वाटत असावं, नुकऱ्याचं निघालं तर शिंगराची किंमत पडेल. मला काय वाटत होतं ते मी अजून स्वतःलाही नीट विचारलेलं नाही. आमच्या घोड्याचं नाव होतं, त्या नावावर घर चालत होतं, एवढं सांगते. रंगावरून काही ठरत नव्हतं. शिंगरू आईसारखंच कुमैत होतं. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत ते विकलं गेलं, आमच्या घोड्याच्या नावावर! तेव्हा मालकाला ३६३ दिवस बरोबर खटकले नाहीत. पैसे मी अर्धे परत केले होते. ते का केले, असं भाऊ अजून विचारतो.

मग तारीख देणं मी बंद केलं. चिठ्ठ्या लिहिणारी ती जुनी मी अगदीच मूर्ख नव्हते, हेही खरं. तारखेशिवाय पहारा कधी सुरू करायचा? शिंगरू उलटं आलं किंवा वार आधीच सुटून लाल पिशवी पुढे आली, तर हातात काही मिनिटं असतात. तेव्हा जागा माणूस हवाच. आणि उशिरापेक्षा भीती लवकरची. ३२० च्या आत कास भरली, दूध गळायला लागलं, तर वारेला संसर्ग असू शकतो, डॉक्टर त्याच दिवशी हवा. ३०० च्या आतलं शिंगरू बहुतेक वाचत नाही. यासाठी कोणी मला रात्री फोन करत नाही. फोन येतात ते ३४१ व्या दिवशी.

आता सोळाव्या दिवसाची सोनोग्राफी केल्याशिवाय मी कोणाची घोडी आमच्या वहीत चढवत नाही. तीन-चार गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. पलीकडच्या गावात एक जण आहे, तो नेमकी तारीख देतो. त्या शेतकऱ्यानं यंदा दुसरी घोडी आणली ती मात्र माझ्याकडेच. सोनोग्राफी मुकाट्यानं केली, गाभ दिसला, पैसे दिले. जाताना गाडीत बसता बसता म्हणाला, "ताई, तरी अंदाजे?"

३२० ते ३६५, म्हटलं.