बोट लागते तेव्हा

मराठीत बोट दोन तऱ्हांनी लागते. एकदा धक्क्याला, एकदा माणसाला. सुट्टीत देवमासे आणि डॉल्फिन बघायला निघालेल्यांचा दिवस वाया जातो तो बहुधा या दुसऱ्या लागण्यामुळे. दीड तास समुद्र कापल्यावर देवमासा पाठ दाखवतो, सगळी बोट उजव्या कठड्याकडे धावते, आणि एक जण मात्र डाव्या कठड्यावर ओणवा असतो. तिकिटाचे पैसे त्यानेही तेवढेच मोजलेले असतात.

कॅटामरान घेतली की बोट लागत नाही असं छातीठोकपणे सांगितलं जातं. ते निम्मंच खरं आहे. ‘कट्टुमरम’ हा मूळ तमिळ शब्द; कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. बांधलेल्या ओंडक्यांचा तो तराफा. आज ज्या बोटीला आपण कॅटामरान म्हणतो ती दोन बुडांची बांधणी मात्र पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या दर्यावर्दी लोकांची. नाव एका समुद्राचं, शरीर दुसऱ्या समुद्राचं. दोन लांब, चिंचोळी बुडं, त्यांना जोडणारा रुंद डेक आणि पुढे दोन्ही टोकांच्या मध्ये ताणून बसवलेली जाळी, अशी तिची रचना.

एका बुडाच्या शिडाच्या बोटीला तोल सांभाळायला तळाशी वजन लागतं, त्यामुळे ती लंबकासारखी संथ डोलते. कॅटामरान उभी असते ती रुंदीच्या जोरावर. ती फारशी कलत नाही. टेबलावरचा पेला टेबलावरच राहतो. पण पाण्याचा पृष्ठभाग जसा असेल तशी ती निमूटपणे बसते. लाट मागून तिरकी आली की आधी एक बूड उचललं जातं, मग दुसरं, आणि बोट कंबर मुरडत चालते. हे हेलकावे छोटे, चटचट येणारे आणि झटक्याचे. मोठ्या डोलण्याला सरावलेल्या माणसाला कधीकधी हेच जास्त बाधतात. समोरून आखूड लाटा आल्या तर पाणी दोन बुडांच्या मधल्या छताला खालून दाणकन आदळतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी मोडलं. मोडलेलं काही नसतं, पण पायाखालून आलेल्या त्या दणक्याने पोट हलतं ते हलतंच.

बोट का लागते, तर आतल्या कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना ती दिसत नाही. डोळे फोनवर असले की हमखास. उपायही त्यातूनच निघतो: डोळ्यांना तीच हालचाल दाखवायची, म्हणजे क्षितिजाकडे बघत राहायचं. मधल्या किंवा थोडी मागच्या बाजूची, खालची जागा पकडायची, कारण तिथे बोट सगळ्यात कमी उचलली जाते. वरच्या डेकवरून दिसतं छान, पण तितकंच हलतंही जास्त. मळमळायला लागल्यावर खाली स्वच्छतागृहात जाऊन बसणं ही सर्रास होणारी चूक. बंद खोली, डिझेलचा वास, क्षितिज गायब. वर आल्यावर माणूस ओळखू येत नाही. त्यापेक्षा मोकळ्या हवेत, वारा ज्या बाजूला वाहून जातो त्या बाजूच्या कठड्याशी उभं राहावं. त्या बाजूलाच का, हे समजावून सांगायला लागू नये.

गोळी घ्यायची तर वेळेवर घ्यायची. सिनॅरिझिन निघण्याच्या साधारण 2 तास आधी, डायमेनहायड्रिनेट अर्धा ते 1 तास आधी, कानामागे लावायची हायोसिनची पट्टी किमान 4 तास आधी, म्हणजे सकाळची फेरी असेल तर आदल्या रात्रीच. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर तरी येते, नाहीतर परत किनाऱ्याला लागताना काम सुरू करते. या गोळ्यांनी झोप येते, कोणाला कोणती चालते हे डॉक्टरला विचारलेलं बरं. रिकाम्या पोटी जाणं हेही ओकारीला आमंत्रणच. हलकं, कोरडं, तेलकट नसलेलं काहीतरी तासभर आधी पोटात असावं.

फेरी निवडताना शक्यतो सकाळची निवडावी. दिवस तापला की समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो आणि पाणी फुटायला लागतं. वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्ट मापात 3 च्या आसपास लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागतो. तो फेस हा देवमासे बघणाऱ्याचा खरा शत्रू, कारण मग सगळा समुद्रच कोणीतरी नुकतीच उडी मारल्यासारखा दिसतो.

आता मुख्य कामाकडे. ते काम म्हणजे रिकाम्या पाण्याकडे बघणं. जाहिरातीत आख्खा देवमासा हवेत असतो. तसा तो झेपावतोही, पण रोजचं दृश्य म्हणजे आधी एक फवारा, मग काळसर ओली पाठ, मग काहीच नाही. जे शोधायचं ते फवारा. तो पाण्याचा कारंजा नसतो. फुप्फुसातली उबदार दमट हवा जोराने बाहेर पडताना होणारं धुकं असतं ते, त्यात थोडं पाणी आणि थोडा शेंबूडही असतो. वाऱ्याच्या खालच्या अंगाला बोट असेल तर तो वास नाकापर्यंत येतो: कुजके मासे आणि बरेच दिवस झाकून ठेवलेला कोबी. देवमासा हा मासा नाही, आपल्यासारखाच हवेवर जगणारा सस्तन प्राणी आहे, हे पुस्तकात वाचून जितकं पटत नाही तितकं त्या वासाने पटतं.

फवाऱ्याच्या आकारावरून जात ओळखता येते. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ, उंच खांबासारखा, 9 मीटरच्या घरात जाणारा. हंपबॅकचा बुटका, झुडपासारखा, 3 मीटरच्या आसपास. स्पर्म व्हेलचा सगळ्यात सोपा: त्याचं एकुलतं नाकपूड डोक्याच्या पुढच्या टोकाला, डावीकडे असतं, म्हणून फवारा पुढे आणि डावीकडे तिरका उडतो. बाकीचे सरळ वर, हाच तेवढा कललेला. एकदा बघितला की चुकत नाही.

शोधताना दुर्बीण आधी डोळ्याला लावू नये. तिच्यातून समुद्राचा बोटभर तुकडा दिसतो आणि देवमासा नेमका शेजारच्या तुकड्यात येतो. उघड्या डोळ्यांनी क्षितिजापासून बोटीपर्यंत सावकाश झाडू मारल्यासारखी नजर फिरवायची, काही हललं की मग दुर्बीण. तीही 7 पट वाढवणारी पुरे. त्याहून मोठी हलत्या बोटीवर हाताची थरथरच मोठी करून दाखवते. लाटेचा फेस आणि प्राण्याने उडवलेलं पाणी यात फरक असा की फेस चहूकडे सारखा विखुरलेला असतो, प्राण्याचा उडालेला फवारा एकटा आणि अचानक. पाण्यावर एकाच जागी सूर मारणारे पक्षी दिसले तर खाली माशांचा थवा आहे आणि त्याच्या मागावर आणखी कोणी असण्याची शक्यता आहे. पोलरॉइड चष्म्याने पाण्यावरची चमक मरते आणि वरच्या थरातली सावली दिसते. चष्म्याला दोरी हवी. समुद्राच्या तळाशी चांगल्या चष्म्यांची कमी नाही.

दिशा सांगताना बोटीवर घड्याळ वापरतात. पुढचं टोक म्हणजे 12, उजवी बाजू 3, मागचं टोक 6, डावी 9. वाटाड्या ओरडतो, ‘दहा वाजता!’ आणि दरवेळी कोणीतरी मनगटाकडे बघतं.

देवमासा खाली गेल्यावर पाण्यावर एक तकतकीत, गुळगुळीत गोल उरतो, भोवती सगळीकडे बारीक लाटा आणि मध्ये आरशासारखा डाग. शेपटीच्या फटकाऱ्याने खालचं पाणी वर ढकललं जाऊन तो होतो. त्याला पाऊलखूण म्हणतात. तो डाग मिनिट-दोन मिनिटं टिकतो. लागोपाठचे असे दोन-तीन डाग दिसले तर प्राणी कुठल्या रेषेत चाललाय ते कळतं, आणि अनुभवी कप्तान तीच रेषा वाचत असतो. बहुतेक प्रवासी मात्र डाग दिसल्यावर ‘गेला’ म्हणून कॅमेरा खाली ठेवतात.

फोटोचा योग्य क्षणही प्राणी आधी सांगतो. हंपबॅक चार-पाच श्वास घेतो, प्रत्येक वेळी पाठ चपटीच ठेवून बुडतो. मग एकदा पाठ कमानीसारखी उंच वर येते, शेपटीचा देठ दिसू लागतो. तेव्हाच कॅमेरा सज्ज ठेवायचा, पुढच्या दोन-तीन सेकंदांत शेपूट वर येणार. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, बोटांच्या ठशांसारखे. हौशी प्रवाशांनी काढलेले असे फोटो ‘हॅपीव्हेल’सारख्या संग्रहात जमा होतात आणि त्यावरून एकच प्राणी कुठून कुठे गेला हे कळतं. शटर 1/1000 सेकंद किंवा त्याहून जलद, लागोपाठ फोटोंची सोय चालू, लेन्स 70-300 मिलिमीटरसारखी. फोन असेल तर झूम करू नये, आडवा धरून व्हिडिओ सुरू ठेवावा आणि स्वतः त्यावरून नजर उचलून बघावं. खारं पाणी लेन्सवर कोरड्या कापडाने पुसलं तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याचा ओला फडका.

वेळेचा हिशेबही प्राण्यागणिक बदलतो. स्पर्म व्हेल वर आला की साधारण 10 मिनिटं पाण्यावर लोळत श्वास भरून घेतो आणि मग शेपूट उभारून खाली जातो ते पाऊण तास, कधी तासभर. म्हणजे त्याची शेपूट बघून टाळ्या वाजवणाऱ्यांनी आता पाऊण तास काय करायचं हे ठरवून ठेवावं. काही बोटी पाण्यात ध्वनिग्राहक सोडून त्याची टकटक ऐकवतात. ती टकटक चालू आहे तोवर तो खाली शिकार शोधतोय. थांबली की वर यायची वेळ झाली म्हणून कप्तान सावध होतो.

नाहीतर मग डॉल्फिन आहेतच, आणि कॅटामरानचं खरं सार्थक त्यांच्यामुळे होतं. चालत्या बोटीच्या पुढे पाण्याचा जो दाब तयार होतो त्यावर डॉल्फिन जवळजवळ शेपूट न हलवता वाहत राहतात. कॅटामरानला नाकं दोन, म्हणजे घसरगुंड्याही दोन. पुढच्या जाळीवर पालथं पडलं की हातभर खाली ते दिसतात: कुशीवर वळून एक डोळा वर करून बघणारे, अंगावर दुसऱ्यांच्या दातांचे पांढरे समांतर ओरखडे असलेले. श्वासाचा ‘फुस्स’ आवाज आणि लगेच तोंडावर तुषार. जाळीवर जाताना खिसे रिकामे करावेत. किल्ल्या, पेन, फोन जाळीच्या डोळ्यांतून निसटतात. आणि पाणी वरून नाही, खालून येतं, त्यामुळे वरच्या जाकिटाने पाठ कोरडी राहते, पोट मात्र ओलं होतं. लाट वाढली की कप्तान सगळ्यांना जाळीवरून उठवतो. तेव्हा वाद घालू नये.

हा डॉल्फिनचा खेळ त्यांच्या मर्जीने चालायला हवा. ते आले तर बोटीने वेग आणि दिशा तशीच ठेवायची. अचानक वळण नाही, त्यांच्या कळपातून आरपार जाणं तर नाहीच. स्पिनर डॉल्फिन रात्री शिकार करून दिवसा उथळ खाडीत विश्रांती घेतात, आणि नेमक्या दिवसाच पर्यटकांच्या बोटी निघतात. म्हणून हवाईत 2021 पासून त्यांच्या 50 यार्डांच्या आत जायला कायद्याने मनाई आहे. ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय नियमांत देवमाशापासून 100 मीटर आणि डॉल्फिनपासून 50 मीटर अंतर राखायचं, देवमाशाभोवतीच्या 300 मीटरच्या सावध पट्ट्यात एका वेळी तीनच बोटी आणि वेग अगदी कमी. न्यूझीलंडमध्येही 300 मीटरच्या आत तीनाहून जास्त बोटी चालत नाहीत.

यावरून कप्तानाची पारख करता येते. चांगला कप्तान प्राण्याच्या बाजूने, थोडा मागून, समांतर जातो. समोरून आडवा जात नाही, थेट पाठीवर बसत नाही. जवळ पोचल्यावर गिअर काढून बोट नुसती तरंगू देतो. कॅटामरानची दोन इंजिनं दोन बुडांत, एकमेकांपासून लांब असतात. एक पुढे, एक मागे फिरवलं की बोट जागच्या जागी वळते, म्हणून तिला उगाच पुढेमागे करावं लागत नाही. पिल्लू आणि आई यांच्यामध्ये बोट घालणारा, किंवा प्राणी दरवेळी दिशा बदलून लांब जातोय तरी पिच्छा न सोडणारा कप्तान, मग त्याने कितीही जवळून दाखवलं तरी, वाईटच. आपण ‘अजून जवळ घ्या’ म्हणून ओरडतो तेव्हा त्यात आपलाही हातभार असतो.

जाहिरातीतलं फुगलेलं शीड हे बरेचदा परतीच्या वाटेवर दिसतं, तेही वाऱ्याची मर्जी असेल तर. जाताना बोट मोटारीवरच चालते, कारण देवमासे वाऱ्याच्या सोयीने राहत नाहीत. ‘दिसले नाहीत तर दुसरी फेरी फुकट’ अशी हमी असेल तर बारीक अक्षरात दिसणं म्हणजे काय ते वाचावं. लांबवर एका डॉल्फिनचं पंख दिसलं तरी काही ठिकाणी दिसलं असं धरतात. आणि दुसरी फेरी घ्यायला मुक्कामाचे दिवस हातात हवेत, म्हणून समुद्राचा बेत सुट्टीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये. हवामानामुळे फेरी रद्द होणं हे नेहमीचं आहे, आणि रद्द करणारा कप्तान आपल्यावर उपकारच करत असतो.

मग बोट धक्क्याला लागते. उतरल्यावर पाय जरा जपून टाकावा, कारण चार तास हलत्या फळीची सवय झालेल्या शरीराला जमीन हलतेय असं वाटतं. रात्री अंथरुणावर डोळे मिटले की पलंग एकदा डावीकडून उचलला जातो, मग उजवीकडून.