'सांगता येत नाही' हा कॉलम कुठे गेला?

गेले दोन महिने माझं एकच चाललंय. २०२४ च्या लोकसभेला मराठी चॅनेलांनी पोल कसे दाखवले यावर प्रबंध लिहितेय आणि त्याला नुसतं फुटेज पुरत नाही, मूळ सर्व्हेचा डेटा पाहिजे. मला वाटलं होतं गूगल केलं की मिळेल. कसलं काय! मिळतात ती ग्राफिक्स, एनडीए इतक्या, इंडिया इतक्या, संपलं. सॅम्पल किती, प्रश्न नेमका काय विचारला, किती जणांनी उत्तरच दिलं नाही, काही पत्ता नाही. एका एजन्सीला तीन मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही, शेवटी फोन केला तर म्हणे डेटा क्लायंटचा असतो मॅडम.

१ जूनच्या संध्याकाळी एक्झिट पोलमध्ये अ‍ॅक्सिस माय इंडिया या सर्व्हे कंपनीने एनडीएला ३६१ ते ४०१ जागा दिल्या होत्या आणि ४ तारखेला २९३ आल्या, त्यावर सगळे हसून झाले. पण मला कोण चुकलं यात फारसा रस नाही. लोकांना विचारतात कोणाला मत दिलं, त्यावरून टक्केवारी निघते, आणि जागा हा त्याच्या पुढचा वेगळाच हिशोब असतो. टीव्हीवर फक्त तो शेवटचा आकडा येतो, मधलं सगळं गायब.

मधलं मिळालं ते लोकनीती-सीएसडीएसकडे, म्हणजे निवडणुकांचे सर्व्हे करणाऱ्या दिल्लीच्या संशोधन संस्थेकडे. त्यांच्या साइटवर रिपोर्टचे पीडीएफ आहेत, तक्त्यांसकट. २०२४ च्या निवडणुकीआधीचा त्यांचा सर्व्हे बघा, १९ राज्यांत १० हजारांवर लोकांना विचारलं, त्यात सगळ्यात मोठा मुद्दा बेरोजगारी म्हणणारे २७ टक्के, महागाई २३, राम मंदिर ८. आता हे ८ आणि तेव्हाच्या डिबेट शोमधले विषय शेजारी ठेवून बघा, माझा अर्धा चॅप्टर तिथेच झाला!

लोकनीतीवर माझा जीव असायला अजून एक कारण आहे. कॉलेजात असताना मी अशाच एका मतदानानंतरच्या सर्व्हेला सातारा जिल्ह्यात फिरले होते. मतदार यादीतून निवडलेलं नाव असतं, तेच माणूस गाठायचं, शेजारीण रिकामी बसलीये म्हणून तिला विचारून चालत नाही. एका आजींना गाठलं तर त्या म्हणाल्या, मत तर परवाच देऊन आले की, परत कशाला? मग चिन्हं छापलेला कागद दिला, त्यांनी पाठ फिरवून खूण केली, घडी घालून डब्यात टाकली. इथवर ठीक. पुढे विचारलं सरकारच्या कामावर समाधानी का असमाधानी, तर दारातून मुलगा ओरडला, लिवा समाधानी. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, आता काय सांगू बाई. मी 'सांगता येत नाही' वर खूण केली तर तो चिडलाच, असं कसं, आई माझ्याच पार्टीची आहे!

ती आजी मला आता शोधायचीये. पीडीएफच्या तक्त्यात तिचा कॉलम असतो, नाहीतर खाली बारीक अक्षरात तरी लिहिलेलं असतं की उरलेल्यांनी उत्तर दिलं नाही. पण एका चॅनेलचं ग्राफिक मी थांबवून बेरीज केली तर बरोब्बर १००, मूळ तक्त्यात तेच दोन आकडे मिळून १०० च्या बरेच खाली. म्हणजे गप्प बसलेल्यांना काढून टाकून टक्केवारी नव्याने केली, आणि हे सांगितलं कुठेच नाही.

एकेका माणसाची उत्तरं हवी असतील तर प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेचा भारतातला सर्व्हे आहे, २०१९-२० चा, जवळपास ३० हजार लोकांचा. विषय धर्माचा, पण २०१९ ला मत कोणाला दिलं तेही विचारलंय. अकाउंट काढलं की फुकट डाउनलोड होतो, एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरची फाइल असते, आर (R) या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येपण उघडते. आणि अशोका युनिव्हर्सिटीच्या त्रिवेदी सेंटरचा डेटा निकालांचा आहे, मतांचा असला तरी मनातला नाही, मी त्यात उगाच आठवडा घालवला.

काल रात्री परत फुटेज लावून बसले तर आई म्हणाली, निकाल लागून जमाना झाला, तुझी मोजणी अजून चालूच का?