नवा लायनर, तरी बाण रेषेवर

जांबोटीकडून रोज पहाटे बेळगावात दूध घालायला येणाऱ्या एका मामांची मोटरसायकल. मागचा ब्रेक ड्रमचा, म्हणजे चाकाच्या हबमधल्या पोकळ ड्रमला आतून दोन शू दाबून थांबवणारा. आठ महिन्यांत तीन वेळा लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, बदललेले, तिन्ही वेळा वेगवेगळ्या ठिकाणी. "पॅडलवर उभा राहिलो तरी थांबेना की वो मेस्त्री," एवढंच त्यांचं म्हणणं.

मागचा ब्रेक लागत नाही म्हटलं की पॅडलपासून मागच्या चाकाकडं जाणाऱ्या रॉडच्या टोकाचा नट चार आटे आवळायचा आणि गाडी परत द्यायची, ही आपल्याकडची रीत. पॅडलचा मोकळा खेळ २० ते ३० मिलिमीटर असावा लागतो, तो इथं बरोबर होता. ब्रेक दाबल्यावर रॉड आणि तो ओढतो तो आर्म यांच्यात साधारण काटकोन व्हायला हवा, म्हणजे पायाचा जोर कॅमवर, फिरून शू फाकवणाऱ्या दांड्यावर, नीट उतरतो. तोही होत होता. वरवर बघणाऱ्याला गाडीत खोट सापडली नसती.

पण कॅमवरचा झिजेचा बाण ब्रेक प्लेटवरच्या, म्हणजे ड्रमच्या झाकणावरच्या, रेषेला टेकला होता. बाण रेषेवर आला की लायनर संपला, हे गॅरेजमधल्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. इथं तर लायनर तीन आठवड्यांचा! नव्या लायनरवर बाण तिथं पोचतोय म्हणजे कॅमला गरजेपेक्षा जास्त फिरावं लागतंय. आधीच्या तिघांना हे दिसलं कसं नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

चाक काढलं. आर्म आणि कॅमवर जुळणीसाठी टिंबं असतात, ती दोन दात्यांनी हुकलेली. काटकोन दिसत होता तो यामुळं. कुणीतरी आर्म मागं सरकवून बसवला होता. बाण मात्र कॅमवर एकाच जागी बसतो, तो सरकवता येत नाही, म्हणून तेवढा खरं बोलत होता. या कामाची मला फार चीड आहे. आर्म सरकवल्यानं ब्रेक सुधारत नाही, फक्त झीज झाकली जाते. कॅम असाच फिरत राहिला तर एक दिवस पुरता आडवा पडतो, शू फाकलेले राहतात आणि चाक जाम होतं. मागं दुधाचे कॅन, पावसातला लाल चिखलाचा रस्ता आणि जाम चाक.

ड्रममध्ये व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घेणारी पट्टी, लावला. चार ठिकाणी मोजलं, सगळीकडं १३२.२ मिलिमीटर. नवा ड्रम १३० चा असतो आणि १३१ ला तो बाद धरायचा. आत लेथच्या बारीक रेघाही होत्या. ब्रेक करकरतोय म्हणून वर्षापूर्वी ड्रम 'साफ' करून घेतला होता, हे मामांना तेव्हा कुठं आठवलं. उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, मायक्रॉनमध्ये काम करणारे टर्नर आहेत, लेथची वाण नाही. पण किती काढलं आणि किती उरलं हे मोजायला त्या दिवशी कुणालाच सवड झाली नसावी. लायनरही हलका निघाला. चार मिलिमीटरच्या जागी साडेतीन. शिवाय कॅमच्या तोंडांना खाचा पडलेल्या.

मग खडू घेतला. लायनरच्या सगळ्या पृष्ठावर घासला, प्लेट ड्रममध्ये बसवली, आर्म हलका ओढून धरला, चाक दोनदा फिरवलं आणि प्लेट बाहेर काढली. दोन्ही शूंवर मधोमध दोन बोटं रुंदीचा पट्टा काळा पडला होता, दोन्ही टोकांना खडू जसाच्या तसा पांढरा. मोठ्या ड्रममध्ये लहान गोलाईचा शू फक्त मधे टेकतो, टोकांना अर्धा-पाऊण मिलिमीटर फट राहते. सगळा ब्रेक त्या पट्ट्यावर. तो तापतो, काचेसारखा गुळगुळीत होतो आणि नुसता घसरतो. शू घासून घासून ड्रमच्या गोलाईला येऊ लागेपर्यंत दुसरा मेस्त्री परत नवा लायनर घालायचा, की मधला पट्टा परत पहिल्यापासून. मामांचा ब्रेक नव्या लायनरांनीच बिघडत होता.

ड्रमची बीडाची रिंग हबमध्येच ओतलेली असते, ती सुटी मिळत नाही. स्लीव्ह घालून देणारे आहेत, पण कॅन लादून चालणाऱ्या गाडीला मी स्लीव्ह घालत नाही. हब नवा, ३६ स्पोक परत विणून रिम सरळ केली, कॅम नवा, लायनर कंपनीचा. कॅमच्या भोकातला घट्ट झालेला लाल चिखल ओल्या फडक्यानं काढला. हवेचा झोत मारायचा नाही, लायनरची धूळ छातीत जाते. कॅमच्या दांड्याला उष्णता सोसणारं ग्रीस, तेही बोट फिरवल्याएवढंच, कारण जास्तीचं ग्रीस वितळून लायनरवर येतं. टिंबाला टिंब. ॲक्सलचा नट पॅडल दाबून धरूनच आवळला, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात. ब्रेक प्लेट फिरू न देणाऱ्या टॉर्क रॉडच्या नटाला नवी स्प्लिट पिन.

परत खडू लावला. या वेळी टोकाकडचं बोटभर सोडलं तर सगळीकडचा उडाला.

खर्च ऐकून मामा गप्प बसले होते. "तीन लायनरांचे पैसे गेले, ते?" एवढंच विचारलं. त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पहिले ३०० किलोमीटर जोरात दाबू नका आणि नंतर गाडी दाखवा, एवढं सांगितलं. आले तेव्हा कॅन गाडीवरच होते. पॅडल दाबून मागं बघितलं, बाण रेषेपासून बराच अलीकडं होता. रॉडचा नट एक आटा आवळला. जुना हब बाकाखाली ठेवलाय, लेथच्या रेघांसकट. नव्या पोराला व्हर्निअर धरायला त्यावरच शिकवतोय.